पिंजरे जावोत, बाग राहो

गोंदियाकरांची बरीच मोठी कामे नागपुरात असतात: मोठा दवाखाना, हायकोर्ट, कॉलेजचा प्रवेश, लग्नाची खरेदी. बरोबर लहान मूल असले की महाराजबागेचा हट्ट ठरलेला, आणि तो बहुधा वाघ-बिबट्यासाठी असतो. पण प्राणिसंग्रहालय हा या बागेच्या इतिहासातला उशिराचा अध्याय आहे. महाराजबाग मुळात बाग आहे. उद्या तिथे एकही पिंजरा उरला नाही, तरी ती तितक्याच आस्थेने राखली पाहिजे.

नागपूरच्या भोसल्यांनी राजधानीत तलाव बांधले, बागा लावल्या. तुळशीबाग शहरात, सक्करदरा, सोनेगाव आणि तेलंगखेडीच्या बागा शहराबाहेर, तर महाराजबाग सीताबर्डीच्या बाजूला. 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांची सत्ता नावापुरती उरली, 1854 मध्ये राज्य खालसा झाले आणि 1861 मध्ये नव्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर ठरली. राजघराण्याची बाग इंग्रजी अमदानीत सार्वजनिक झाली, 1894 मध्ये तिथे प्राणी आले. 1906 मध्ये नागपूरचे कृषी महाविद्यालय सुरू झाले. आज ही बाग या महाविद्यालयामार्फत डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. म्हणजे राजाचा विसावा, प्रांताच्या राजधानीचे उद्यान आणि शेतीच्या शिक्षणाची जागा, असे तीन काळ एकाच मातीत आहेत. गोंदिया जिल्हा 1999 मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. तो सारा मुलूख याच मध्य प्रांतात होता, त्यामुळे या वारशावर आपलाही हक्क आहे.

पिंजरे जावोत, या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा, की सफारीचे पैसे परवडत नाहीत त्या घरच्या मुलांनी प्राणी पाहायचे कुठे? प्रश्न रास्त आहे. पण अपुऱ्या जागेतला बिबट्या एकाच रेषेत येरझारा घालतो, ठरल्या जागी वळतो, पुन्हा तेच. मुलाला त्यातून बिबट्या कळत नाही, कोंडलेपण तेवढे दिसते. 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाल्यापासून जागा, उपचार, निगा यांचे निकष कडक होत गेले. 2018 मध्ये प्राधिकरणाने महाराजबागेची मान्यता काढली आणि प्रकरण न्यायालयात गेले. भर शहरातल्या, चहूबाजूंनी वेढलेल्या जागेला हे निकष पेलणे अवघडच. नागपूरलगत गोरेवाड्याचे प्राणी उद्यान 2021 मध्ये खुले झाले आहे. तिथले तिकीट शाळकरी मुलांना परवडेल असे ठेवा, ही मागणी अधिक न्याय्य ठरेल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. प्राणी गेले तर गर्दी आटेल, उत्पन्न बुडेल, आणि एवढ्या मोक्याच्या जागेवर कुणाचा तरी डोळा पडेल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच बागेची ओळख आतापासून झाडांवर उभी करायला हवी. मुंबईच्या राणीच्या बागेचे उदाहरण समोर आहे. 1862 मध्ये खुल्या झालेल्या त्या बागेत प्राणिसंग्रहालयाच्या विस्ताराचा आराखडा आला, तेव्हा जुन्या वृक्षांसाठी नागरिकच उभे राहिले. झाडांची नावे, वये आणि उपयोग लोकांना ठाऊक असले की झाडांना वाली मिळतो. महाराजबाग तर कृषी महाविद्यालयाच्याच हाती आहे. प्रत्येक जुन्या झाडावर मराठी नावाची पाटी आणि रविवारी विद्यार्थ्यांनी लोकांना घडवलेली फेरी, एवढ्याने सुरुवात होईल.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा: नवेगाव आणि नागझिऱ्याचे जंगल दाराशी असताना गोंदियाकराने बागेचे कौतुक का करावे? कारण जंगलाला वेळ लागतो, गाडी लागते, प्रवेशाचे नियम असतात. गावातल्या बागेत म्हातारा माणूस संध्याकाळी पायी जातो, बाजारहाट करून दमलेली बाई घडीभर टेकते, अभ्यासाला घरात जागा नसलेला मुलगा पुस्तक घेऊन बसतो. वन्यजीवांसाठी जंगल हवे आणि माणसांसाठी बाग. एकामुळे दुसरीची गरज कमी होत नाही. हे पटले तर गोंदियाच्या सुभाष बागेकडेही याच नजरेने पाहता येईल. तिथे नवी खेळणी, नवे बांधकाम, नवी रोषणाई यांचा विचार करताना नगर परिषदेला आधी एकच प्रश्न विचारावा: यामुळे सावली वाढणार की घटणार? घटणार असेल, तर ते काम बागेच्या बाहेर करावे.