दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे सहा आठवडे

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि चादरी विणणारा आपला कामगार पाळीभर मागापाशी उभा असतो. त्याची भाकरी त्याच्या पायांवर अवलंबून आहे. असा माणूस अर्धांगवायूने किंवा खुब्याचे हाड मोडून दवाखान्यात पडला, की सारे घर धावून जाते. उपचार होतात, डिस्चार्ज मिळतो आणि आपण 'सुटलो' म्हणतो. खरी कसोटी मात्र तेथून पुढे असते.

आमच्या वडिलांचे खुब्याचे ऑपरेशन झाले, तेव्हा आम्ही त्यांची मनापासून सेवा केली. पाणी तोंडाशी, ताट खाटेवर, आंघोळही आमच्याच हाताने. महिन्याभराने ते म्हणाले, "आता मला उठवतच नाही रे." चूक आमची होती. पडून राहिल्याने स्नायूंची ताकद झपाट्याने घटते, सांधे आखडतात, उतारवयात तर अधिकच. त्याहून वाईट म्हणजे मनाची उभारी जाते.

इंग्लंडमध्ये अशा गरजू रुग्णांसाठी सहा आठवड्यांपर्यंत मोफत घरसेवेची सोय आहे. तेथे येणारा सेवक कपडे घालून देत नाही; रुग्णाला स्वतः घालायला लावतो, अडेल तेथेच हात देतो. आपल्याकडे हे काम घरच्यांनाच करावे लागते. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर मदत कर्जासारखी असावी. दर आठवड्याला थोडी थोडी फिटत जावी.

डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांना विचारून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) उठताना आधी खाटेच्या कडेला पाय सोडून बसावे, चक्कर नसेल तरच उभे राहावे.

२) काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

३) अर्धांगाच्या रुग्णाने सदरा घालताना लुळा हात आधी घालावा, काढताना तो शेवटी काढावा.

४) खुब्याचा सांधा बदलला असेल, तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत मांडी घालू नये, जमिनीवर बसू नये. शौचासाठी उंच खुर्ची वापरावी.

५) ताप, जखमेतून पू, पोटरीला सूज किंवा धाप दिसली, तर ताबडतोब डॉक्टरांना गाठावे.

'पण घरी बसून खाणार काय?' हा प्रश्न खरा आहे. कामगार राज्य विमा योजनेत पात्र कामगाराला आजारपणात वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी विमा डॉक्टरांचा दाखला लागतो. म्हणून विमा क्रमांक घरातल्या सर्वांना माहीत असावा.

विनयपिटकातील महावग्गात भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूची स्वतः शुश्रूषा केल्याची कथा आहे. तेथेच चांगल्या रुग्णाचीही लक्षणे सांगितली आहेत. आजार वाढला की उतरला, हे तो सेवा करणाऱ्याला खरे सांगतो. म्हणजे बरे होण्यात रुग्णाचाही वाटा आहे, आणि तो आपण मायेपोटी हिरावून घेऊ नये.

वडिलांच्या हाती आम्ही पुढे काठी दिली आणि मागे मागे चाललो. पहिल्या दिवशी ते दारापर्यंत गेले. तीन महिन्यांनी पेन्शन काढायला आमच्याच काउंटरपुढे रांगेत उभे राहिले. आम्ही आत बोलावले. ते आले नाहीत. तो दिवस आम्ही विसरणार नाही.