चार ॲल्युमिनियम, सहा हायड्रोजन

15 ऑगस्ट 1990 ला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं. तोवर जळगाव-धुळ्याची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली. भौतिकशास्त्रात पुढं काही करायचं म्हटलं की खानदेशातल्या पोराची नजर पुण्याकडंच जायची. तिथं दिलीप कान्हेरे यांचा गट धातूंच्या क्लस्टरांवर, म्हणजे मोजक्या अणूंच्या गठ्ठ्यांवर, संगणकानं काम करत होता.

या विषयाची खरी सुरुवात 1984 ची. बर्कलीत वॉल्टर नाइट यांच्या गटाला सोडियमच्या वाफेत 8, 20, 40 अणूंचे क्लस्टर शेजारच्यांपेक्षा जास्त सापडले. कारण इलेक्ट्रॉनांचे कप्पे नेमके तिथं भरतात. तेरा ॲल्युमिनियम अणूंचे बाहेरचे इलेक्ट्रॉन 39. एक हायड्रोजन चिकटला की 40, आणि क्लस्टर टिकाऊ. धातूच्या हायड्राइडांकडं या नजरेनं बघायची सवय इथून लागली.

2007 मध्ये ‘सायन्स’मध्ये चार ॲल्युमिनियम आणि सहा हायड्रोजनांचा क्लस्टर छापून आला. किंचित वाकडा चौफलक. चार हायड्रोजन एकेका ॲल्युमिनियमला, उरलेले दोन दोन-दोन ॲल्युमिनियमांच्या मध्ये पुलासारखे. भरलेल्या सर्वांत वरच्या आणि रिकाम्या सर्वांत खालच्या पातळीत मोठी दरी, म्हणून तो सहजी इलेक्ट्रॉन देत-घेत नाही. हे नुसतं गणितातून आलं नव्हतं, प्रकाशानं इलेक्ट्रॉन उडवून तपासलेलं होतं. सोन्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या जळगावकरांना आवडेल अशी गोष्ट त्याआधीची, 2004 ची: सिलिकॉनभोवती चार सोन्याचे अणू ठेवले तर ते हुबेहूब हायड्रोजनासारखे वागतात.

मराठी मुलखात धातू आणि हायड्रोजनाचा हा धागा नांदेडच्या विद्यापीठात अजय चौधरी यांच्या गटानं पुढं नेला. हायड्रोजन साठवण्याच्या दृष्टीनं इथिलीनला टिटॅनियम जोडून त्यावर किती हायड्रोजन रेणू बसतात, याचे हिशेब त्यांनी 2010 च्या सुमारास मांडले.

लहान गावातल्या विभागाला हे काम परवडतं. अणूंचा झोत सोडणारं यंत्र घ्यायची ऐपत नसली तरी संगणक असतो. पण एकट्या रेणूवरचा हिशेब आणि टाकीत भरलेला पदार्थ यांत फार अंतर आहे, आणि लेखांच्या उत्साहात ते झाकलं जातं असं मला वाटतं. 2005 मध्येच दिसलं होतं, की फुलरीनवर, म्हणजे कार्बन अणूंच्या पोकळ चेंडूवर, ठेवलेले टिटॅनियम अणू वेगवेगळे राहत नाहीत. एकमेकांना बिलगून गठ्ठा करतात, आणि हायड्रोजनाची जागा घटते.