गरवलेला मासा सोडताना
आमच्या मालवणात गरवायचं ते कालवणासाठी. अंदमानात मासा परत सोडायचा, हे आधी पटेनाच. प्रवाळाच्या कडेला बोट थांबली आणि मी पॉपर फेकला. पॉपर म्हणजे पुढून वाटीसारखं खोलगट तोंड असलेलं नकली आमिष. दांडी झटकली की ते पाणी उडवत 'डुबुक' करतं आणि घाबरलेलं मासळं समजून जायंट ट्रेव्हली त्याच्यावर तुटून पडतो. हा मासा दीड मीटरच्या पुढे वाढतो. गळ लागताच तो प्रवाळाकडे धावतो. तिथे दोरा घासला की तुटलाच! माझ्या गळालाही एक लागला; ओढताना दंड भरून आले. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीनं चेपलेला होता, म्हणून गळ अलगद निघाला. ओल्या हातांनी मी माशाला पाण्यातच शेपटीच्या बुडाशी धरलं. कल्ले संथ हलू लागले. मग एकच हिसका, आणि हात रिकामा.