लाइट गेली की सोलर का बंद पडतं?

साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरच्या बाजारात सोलरचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. "छपरावर एवढं ऊन, अन् लाइट गेली की सोलरही बंद! फसवलं राव." शेजारचा लगेच पुरावा देतो, "आमच्या मळ्यातला सोलर पंप तर लाइट नसली तरी चालतो."

पुरावा खरा, निष्कर्ष चुकीचा. मळ्यातला पंप महावितरणच्या तारेला जोडलेलाच नसतो. पॅनेल, कंट्रोलर आणि मोटर, एवढाच त्याचा संसार. घरावरचं सोलर मात्र नेट मीटरमधून गावाच्या तारेला जोडलेलं असतं. तार मेली की त्यानं थांबायचं, हा बिघाड नव्हे, नियम आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2013 च्या विनियमांत मुदतही दिली आहे: दोन सेकंद. याच साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013 पासून उभा आहे. ग्रिड नसेल तर तोही वीज पाठवू शकत नाही. तरी फसवणुकीची गोष्ट काही थांबत नाही.

या नियमामागचं कारण साधं आहे. डीपी, म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, दोन्ही बाजूंनी काम करते. वरून आलेले 11 हजार व्होल्ट 433 वर उतरवते, तशीच खालून वीज शिरली तर ती पुन्हा हजारोंवर चढवते. लाइन बंद आहे असं समजून लाइनमन खांबावर चढलेला असतो, आणि तुमच्या छपरावरून तीच तार जिवंत होते.

तरीही "जुगाड करून देतो" म्हणणारे वायरमन भेटतात. बॅटरी-इन्व्हर्टरच्या वायरला दोन्हीकडे पिना लावायच्या आणि एक टोक घरातल्या सॉकेटात खुपसायचं! मेन स्विच आठवणीनं पाडायचा, एवढंच त्यातलं संरक्षण. हात जोडून सांगतो, हे करू नका. अंधारात घर चालवायला नियमांची बंदी नाही, घर आधी ग्रिडपासून तोडा एवढंच ते सांगतात. हायब्रीड इन्व्हर्टर हे आपोआप करतो. पंखे, दिवे, फ्रिज त्याच्या बॅकअपवरच्या वेगळ्या डीबीत (वितरण बोर्डात) घ्यायचे. साधा इन्व्हर्टर हातानं जोडायचा असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा चेंजओव्हर स्विच हवा. शिवाय सोलर आणि ग्रिड यांच्यामध्ये कुलूप लावता येईल, तुटलेला संपर्क डोळ्यांना दिसेल असा स्विच त्याच विनियमांनी मागितला आहे.

सोलरबद्दल आणखीही काही गैरसमज ऐकू येतात. "कुठलीही एमसीबी चालते." नाही. एसी प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते; डीसी येत नाही. ओळीनं जोडलेली सहा मोठी पॅनेलं 300 व्होल्टच्या आसपास जातात. तिथं डीसीचीच एमसीबी लागते.

"एमसीबी पाडली, आता पॅनेल मेलं." ऊन आहे तोवर वरची वायर जिवंतच.

"मे महिन्यात उष्णता जास्त, म्हणून वीज जास्त." पॅनेलला उजेड हवा, उष्णता नको; पॅनेलचं तापमान 25 अंशांच्या वर गेलं की प्रत्येक अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के उत्पादन घटतं.

पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान मिळतं, पण बॅटरीचा खर्च त्यात धरत नाहीत. म्हणून लाइट गेल्यावरही घर चालवायचं असेल, तर कोटेशन घेतानाच विक्रेत्याला तसं सांगा आणि इन्व्हर्टर हायब्रीड आहे का, ते कोटेशनवर लिहून घ्या.