पाठ केलेला निबंध

इंग्रजीचा पेपर देऊन आलेला शेजारचा मुलगा ओट्यावर गप्प बसला होता. आठवडी बाजारावर निबंध लिहायचा होता. याला गाईडातला प्राणिसंग्रहालयावरचा निबंध पाठ, म्हणून त्याने तोच उतरवून दिला! दर सोमवारी वडिलांबरोबर बाजारात मेथीच्या जुड्या विकणारा हा पोरगा. प्राणिसंग्रहालय त्याने जन्मात पाहिलेले नाही. त्याचा इंग्रजी विषय राहिला.

मी बरीच वर्षे खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवले. पूर्वी मराठी शाळांत हा विषय पाचवीपासून असे, २००० सालापासून तो पहिलीपासून सुरू झाला. तरी निबंध म्हटला की हात गाईडाकडेच जातो.

मूल विचार करते मराठीत. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते. 'अ' आणि 'द' यांना तर मराठीत जोडच नाही. वडिलांना आपण आदराने 'आहेत' म्हणतो, म्हणून मुले 'माय फादर आर फार्मर' असे लिहितात. 'माय फादर इज अ फार्मर' हवे. पहिल्यांदा हे वाचून मी हसलो होतो. पुढे वाटू लागले, पोराने चूक केली खरी, पण बापाचा मान राखला.

मग काय करावे? निबंध आधी तोंडी आणि मराठीतच सांगू द्यावा. इथे इंग्रजी न येणारी आईसुद्धा भाकऱ्या थापता थापता शिक्षिका होऊ शकते. बाजाराला कधी निघालात? तराजू कोणी धरला? भाव पडला तेव्हा उरलेल्या जुड्यांचे काय केले? एवढे विचारले की पोर बोलू लागते. मग लागणारे दहा-बारा इंग्रजी शब्द वहीत उतरवावेत आणि पाच-सहा लहान वाक्ये लिहावीत. मेथीला शब्द आठवला नाही तर मेथीच लिहू द्यावे, तिथे अडू नये. 'बट', 'बिकॉज' लावून वाक्ये जोडणे दुसऱ्या दिवशी. शेवटी मोठ्याने वाचायला लावावे. पुष्कळ चुका कानालाच खटकतात.

लाल शाईने वही रंगवू नये. व्याकरणाच्या अशा दुरुस्तीने लेखन सुधारत नाही, असे जॉन ट्रस्कॉट या अभ्यासकाने १९९६ साली मांडले. त्यावर पुष्कळ वाद झाला. मला ते पुरते पटत नाही, पण एका वेळी एकाच जातीची चूक धरावी हे अनुभवाने सांगतो. या आठवड्यात 'इज' आणि 'आर', पुढच्या आठवड्यात भूतकाळ.

पुरवणी परीक्षेआधी तो मुलगा महिनाभर संध्याकाळी माझ्याकडे येत होता. बाजारावरच्या त्याच्या निबंधाची शेवटची दोन वाक्ये अशी होती : 'द प्राइस वॉज लो. वी गेव्ह द लास्ट टेन बंचेस टु अवर काऊ.'