परकीय भांडवल : वाहणारे आणि मुरणारे

‘परकीय गुंतवणूक’ हे शब्द वर्तमानपत्रात वाचले की डोळ्यांसमोर मुंबईच्या उंच इमारती, नाही तर पुण्याजवळचे मोटारींचे कारखाने उभे राहतात. आपल्या शिर्डी-राहात्याचा या विषयाशी संबंध तो काय, असे कोणालाही वाटेल. मलाही तसेच वाटत होते. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून थोडेफार वाचन केल्यावर दिसले की संबंध आहे, आणि तो शंभर वर्षांचा आहे. बाहेरचे भांडवल एखाद्या लहान मुलखात शिरले म्हणजे काय घडते, याचा धडा आपल्या कालव्यांच्या काठीच पाहावयास मिळतो. तो मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेऊ. परदेशी पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. एक वाट शेअरबाजाराची. परदेशी माणूस कंपनीचे थोडे शेअर घेतो, भाव चढला की विकतो व निघून जातो. दुसरी वाट प्रत्यक्ष गुंतवणुकीची. येथे तो कारखाना किंवा हॉटेल काढतो, अथवा चालू धंद्यात भरीव हिस्सा घेऊन कारभारात लक्ष घालतो. आपल्या नियमांप्रमाणे शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीत परदेशी व्यक्तीचा वा कंपनीचा हिस्सा १० टक्के वा अधिक झाला, की ती प्रत्यक्ष गुंतवणूक धरली जाते. गरीब देशात बचत तोकडी असते, यंत्रे व कसब अपुरे असते, म्हणून असे भांडवल हवेसे वाटते. त्याच्या मोबदल्यात नफ्याचा वाटा बाहेर जातो आणि त्याबरोबर निर्णयाचा अधिकारही जातो.

या दुसऱ्या गोष्टीच्या भीतीनेच आपल्या देशाने १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांचा हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत आणण्याचे धोरण धरले. कोकाकोला कंपनी त्यानंतर देश सोडून गेली. पुढे २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने दार उघडले. आज हॉटेल-व्यवसायात तर परदेशी गुंतवणूकदार पूर्वपरवानगीवाचून १०० टक्के मालकी ठेवू शकतो. शेतजमीन मात्र त्याला घेता येत नाही. ही अट का मोलाची आहे, ते आपल्या भागाचा इतिहास पाहिला म्हणजे कळते.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा दुष्काळी मुलूख होता. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून गोदावरीचे कालवे निघाले. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांना भरवशाचे पाणी मिळाले. पाणी आले, पण उसाला लागणारा पैसा शेतकऱ्यापाशी नव्हता. त्याच्यापाशी होते ते सावकाराचे कर्ज! ही उणीव बाहेरच्या भांडवलाने भरून काढली. १९१९ साली बेलापूर कंपनी निघाली व हरेगावला तिचा साखर कारखाना उभा राहिला. तिचा कारभार मुंबईच्या डब्ल्यू. एच. ब्रॅडी या इंग्रजी पेढीच्या हाती होता. पुढे साकरवाडी, टिळकनगर, चांगदेवनगर येथे खाजगी कारखाने निघाले. त्यांचे मालक देशी होते. पण गावाच्या दृष्टीने पाहता तेही भांडवल बाहेरचेच.

या कारखान्यांनी काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रोजगार मिळाला, नव्या पद्धतीचा ऊस दिसला, साखरधंदा या मातीत चालतो हे सिद्ध झाले. परंतु कारखान्यांना स्वतःचे ऊसमळे हवे होते, आणि त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या गेल्या. ‘खंडकरी’ हा आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडणारा शब्द तेथून आला. ज्याची जमीन, तो ठरलेल्या खंडावर समाधान मानणार. उसातून होणारा नफा दुसरीकडे जाणार. पुढे १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कारखान्यांकडील जास्तीची जमीन सरकारने घेतली, ती १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेली, आणि मूळ मालक बाजूलाच राहिला. २०१२ पासून खंडकऱ्यांना जमिनीचे वाटप सुरू झाले, तोवर खंडाचे कागद करून देणाऱ्यांची नातवंडे कर्ती झाली होती.

याच मुलखात दुसरा प्रयोग झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून त्याचे नाव घेतले जाते. येथेही बाहेरचा पैसा होताच! शेतकऱ्यांचे भाग थोडे, म्हणून सरकारने भागभांडवल दिले, इंडस्ट्रियल फायनान्स कॉर्पोरेशनने कर्ज दिले. फरक एवढाच की जमीन शेतकऱ्याकडे राहिली आणि कारखान्याच्या मालकीत त्याचा वाटा राहिला. बाहेरचा पैसा कर्ज व साहाय्य या रूपाने आला, धनी होऊन आला नाही. सहकारातही पुढे गटबाजी व कर्जबाजारीपणा शिरला, हे आपण जाणतोच. तरी शाळा, दवाखाने, महाविद्यालये ज्या पैशातून निघाली तो पैसा येथेच मुरलेला होता.

आता जरा समुद्रापलीकडे पाहू. मॉरिशस हे बेट सुमारे २,०४० चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या आठव्या हिश्श्याएवढे. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही तेथे आहेत. १२ मार्च १९६८ रोजी ते स्वतंत्र झाले तेव्हा ऊस सोडून फारसे काही नव्हते. १९७० साली त्यांनी निर्यात-प्रक्रिया क्षेत्राचा कायदा केला, करात सवलती दिल्या, आणि हाँगकाँगचे कापडधंदेवाले तेथे आले. पण स्थानिक साखरवाल्यांनीही आपला नफा त्याच धंद्यात घातला व त्यांच्याबरोबर ते काम आत्मसात केले. २००५ च्या आरंभी जगातील कापडव्यापारावरील कोटापद्धती संपली, तेव्हा हाँगकाँगचे अनेक कारखाने निघून गेले. हजारो कामगार, विशेषतः स्त्रिया, बेकार झाल्या. तरी धंदा समूळ बुडाला नाही, कारण स्थानिकांचे कारखाने व कसब मागे उरले होते. पाहुणा एक दिवस जाणारच. तो गेल्यावर घरात काय उरते, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न आज शिर्डीच्या दारात उभा आहे. २०१७ साली काकडीचा विमानतळ सुरू झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाच्या नागपूर-शिर्डी टप्प्याचे उद्घाटन झाले. यात्रेकरूंसाठी हॉटेले, पेरूसारख्या फळांवर प्रक्रिया, शीतगृहे, या सर्वांत गुंतवणुकीला वाव आहे. परदेशी माणसाला शेतजमीन घेता येत नसली तरी येथील जमीनधारक ती अन्य कोणाला विकू शकतो, बिगरशेती झाल्यावर दीर्घ मुदतीने देऊ शकतो. आपल्या वर्गातील अनेकांच्या घरी हा विषय रात्री जेवताना निघतो.

विकणे किंवा नाकारणे एवढेच दोन मार्ग आहेत, असे मला वाटत नाही. हडपसरच्या मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपल्या सुमारे ४०० एकर जमिनी एकत्र करून स्वतःचीच कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. परदेशी कंपन्यांची कार्यालये तेथे आली ती भाडेकरू म्हणून. अर्थात तेथे शेजारी पुण्यासारखे शहर होते व कुटुंबांत एकजूट होती. ती एकजूट दाखविणे आपल्याला कितपत जमेल, हे आपले आपण तपासावे.

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजारने आपल्या जिल्ह्यात करून दाखविले. पाऊस कोठल्या ढगातून पडला हे तेथे कोणी विचारत नाही. बांध घातला होता की नाही, एवढेच पाहतात. भांडवलाचेही तसेच आहे. ते लंडनचे असो, हाँगकाँगचे असो की मुंबईचे. जमिनीचा हक्क आपला राहतो का, काम आपल्या मुलामुलींच्या हातात येते का, आणि नफ्यातला वाटा येथे जिरतो का, हे तीन बांध आधी घालावेत. मग पाऊस खुशाल पडू द्यावा.