भिंतीतला भागीदार

माझी भाची इंग्लंडात असते. दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला तो कातावलेल्या आवाजात. "मामा, घर घेताना सरकारकडून साठ हजार पौंड घेतले होते. आता फेडायला गेले तर बहात्तर हजार मागतायत. बिनव्याजी म्हणाले होते ना!" माझी सगळी नोकरी बँकेत गेली, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. तिने पाठवलेले कागद वाचले आणि पुढे त्या योजनेच्याच मागे लागलो.

योजनेचं नाव 'हेल्प टू बाय'. २००८ च्या मंदीनंतर तिकडच्या बँका सुरुवातीलाच मोठी रक्कम मागू लागल्या. पगार आहे पण साठवलेले पैसे नाहीत, अशी तरुण मंडळी भाड्याच्या घरात अडकली आणि बांधकामंही थंडावली. एप्रिल २०१३ पासून इंग्लंडच्या सरकारने तोड काढली. नवं बांधलेलं घर घ्या, ५ टक्के तुम्ही घाला, २० टक्क्यांपर्यंत आम्ही घालतो, उरलेलं बँकेचं कर्ज. लंडनसाठी हा वाटा २०१६ मध्ये ४० टक्क्यांपर्यंत नेला. पहिली पाच वर्षं सरकारी रकमेवर काही द्यायचं नाही. सहाव्या वर्षी १.७५ टक्के शुल्क, आणि ते पुढे महागाईबरोबर वाढत जाणार.

भाचीचं घर ३ लाखांचं. तिचे १५ हजार, सरकारचे ६० हजार, बँकेचे २ लाख २५ हजार. विक्री कचेरीतल्या माणसाने 'बिनव्याजी' हा शब्द तिच्या मनावर ठसवला. खरी मेख दुसऱ्याच कलमात होती. परत करायची ती रक्कम नव्हे, टक्केवारी! घराची किंमत ३ लाख ६० हजार झाली, तेव्हा तिचे २० टक्के म्हणजे ७२ हजार. सहाव्या वर्षापासून ती महिन्याला सत्त्याऐंशी पौंडांहून जास्त शुल्क भरत होती. त्यातला एक पैसाही मुद्दलात गेला नव्हता.

मी तिला आपल्या गिरगावातल्या पागडीच्या खोलीची आठवण दिली. खोली विकताना घरमालक साधारण तिसरा हिस्सा घेई आणि आजोबा त्याच्या नावाने बोटं मोडत. पण त्या मालकाने खोली घेताना आजोबांना दमडी दिली नव्हती. इथे सरकारने पैसे घातले होते. शिवाय किंमत पडून २ लाख ७० हजार झाली असती, तर ५४ हजारांवर सुटका होती. हे सावकारी कर्ज नाही, अर्धेलीच्या शेतीसारखा व्यवहार आहे. पीक बुडालं तर दोघांचं. आपल्याकडच्या पंतप्रधान आवास योजनेतलं व्याज अनुदान कर्जखात्यात जमा झालं की घरात सरकारचा हिस्सा उरत नाही, म्हणून आपल्या डोक्यात ही कल्पना चटकन शिरत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ मध्ये सांगितलं, की सुमारे तीन पंचमांश खरेदीदार या मदतीशिवायही घर घेऊ शकले असते. पहिलंच घर असण्याची अटसुद्धा २०२१ मध्ये आली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांनी योजनेच्या हद्दीवरच्या वस्त्या तपासल्या. वेल्सच्या सीमेलगत, जिथे जमीन मोकळी आहे, तिथे जास्त घरं बांधली गेली. लंडनच्या हद्दीवर, जिथे जागाच नाही, तिथे बांधकाम वाढलं नाही, किंमती वाढल्या. म्हणजे जिथे गरज सर्वांत मोठी, तिथे मदतीचा लाभ विकणाऱ्याच्या खिशात गेला. मुंबईत अशी योजना आणू पाहणाऱ्याने आधी हा निष्कर्ष वाचावा.

मार्च २०२३ मध्ये योजना संपली, जुने वाटे मात्र चालू आहेत. भाचीने बँकेचं कर्ज वाढवून बहात्तर हजार भरून टाकले. घराचं मूल्यांकन करणाऱ्याची फी वेगळी.